मुसळावरचे बुशकोट

रतनला राग आला की ती तोंडानं काही बोलत नसे. हातात असेल ते काम दुप्पट जोरानं करी. धुणं हातात असलं की धुण्याचा दगड दाणदाण वाजे. मिरची कुटत असली की अख्ख्या आळीला ठसका लागे. इंदापूरच्या रंगारी आळीतल्या बायका नुसत्या आवाजावरून एकमेकींना सांगत, "आज दत्तोबाच्या लेकीचं डोस्कं फिरलंय, तिकडं जाऊ नगा." आणि डोकं फिरायला तिच्यापाशी कारणं कमी नव्हती.

तिला सुप्याला दिलं होतं. नवरा सोपान जातीचा भावसारच, म्हणजे मूळचा रंगारीच, पण त्याच्या बापानं रंगाच्या हंड्या मोडून कापडाचं दुकान टाकलं होतं, त्यामुळं त्या घरात रंगाऱ्याचं नाव काढलेलं खपत नसे. रतन तर बापाबरोबर निळीच्या रांजणात कोपरापर्यंत हात घालून वाढलेली. लग्नात हळद लावली तर तिच्या हातांवर ती हिरवी दिसली. मांडवातल्या बायका पदराआड हसल्या. सोपान हसला नाही. त्यानं नुसतं तोंड फिरवलं.

सासरी गेल्यावर तिनं चिंचेनं, राखेनं, लिंबानं हात घासले. कातडी सोलवटली, पण नखांच्या कडेनं बसलेली निळाई काही हलली नाही. सासू म्हणायची, "भाकरीला नीळ मारतीया." सोपान एक दिवस ताटावर बसला, भाकरीकडं बघितलं आणि ताट पायानं सरकवून उठला. पुढं नागपंचमीला म्हणून तिला माहेरी धाडली आणि परत न्यायला कुणी आलंच नाही. एका नवऱ्याला दोन बायका करता येणार नाहीत असा कायदा झाला होता म्हणे, पण सुप्यात तो कुणी बघितला नव्हता.

माहेरी म्हातारा दत्तोबा आणि त्याची निळीची रांजणं, एवढंच उरलं होतं. आई कधीच गेली होती. धाकटा भाऊ रामहरी बारामतीत शिंपीकाम शिकला, तिथंच त्यानं पेठेत दुकान टाकलं. दत्तोबाच्या उमेदीत इंदापूर, शेळगाव, निमगावपर्यंतचे फेटे आणि पागोटी त्याच्याकडं रंगायला येत. आता पोरं बोडक्यानं हिंडू लागली होती, नाही तर पांढरी टोपी घालत होती. पांढऱ्या टोपीला रंगारी कशाला लागतो? म्हातारा दिवसभर रांजणाशेजारी बसून सुतळी वळायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याकडं बघायचा.

अशात एके दिवशी सकाळच्या यष्टीनं रामहरी आला. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाला, "आक्का, सुप्याच्या दाजींनी दुसरी केली बरं का. परवा लगीन झालं." आणि त्याच दमात पिशवीतून एक शिवलेला बुशकोट काढून तिच्या पुढ्यात टाकला. "आन ह्येच्याकडं बघ जरा. मशिनीचं तेल सांडलं, छातीवरच डाग पडलाय. गिऱ्हाईक घेईना. निळीत बुडवून डाग झाकंल का?"

रतननं एकदा भावाकडं बघितलं, एकदा कोटाकडं. मांजरपाटाचा कोट, अर्ध्या बाह्या, दोन खिसे. कारखाना उभा राहिल्यापासून ऊसवाल्यांची पोरं असले कोट पँटवर घालून, खाली न खोचता हिंडत. तिनं तो उचलला आणि काही न बोलता सोप्यात गेली. भिंतीला मुसळ टेकलं होतं. तिनं ते आडवं घेतलं, भिजवलेला कोट त्याच्यावर तिरका गुंडाळला आणि बापानं वळलेली सुतळी त्याच्यावर आवळायला सुरुवात केली. एक वेढा आवळला की दातओठ खाऊन कापड खाली रेटायचं, मग पुढचा वेढा. कापडाच्या चुण्या एकमेकीत घुसल्या. वेढ्यावेढ्याला ती मनात कुणाची मान आवळत होती ते तिलाच ठाऊक.

"अगं, मुसळ हाय त्ये!" दत्तोबा ओरडला. "कांडायचं कशानं उद्या?"

तिनं ऐकलं नाही. मुसळ उभं करून सगळं बोचकं निळीच्या रांजणात खुपसलं. रांजण तिनंच मुरवलं होतं: नीळ, चुना आणि वर गुऱ्हाळावरची काकवी. काकवीनं रांजण लवकर आंबतं हे तिला तिच्या आजीकडून कळलं होतं. फेसाचा आंबूस वास अंगणभर पसरला. मुसळ वर काढलं तेव्हा कापड पोपटाच्या पिसासारखं हिरवं होतं, आणि वारा लागला तसं बघता बघता निळं झालं. तिनं ते पुन्हा बुडवलं, पुन्हा काढलं.

सुतळी सोडली आणि कोट झटकला. रामहरीच्या हातातला चहा तसाच राहिला.

निळ्या कोटावर पांढऱ्या तिरक्या रेघा उतरल्या होत्या, वळवाची झड वाऱ्यानं तिरपी व्हावी तशा. कुठं जाड, कुठं केसासारख्या, कुठं फिकट निळ्या. शिवणीपाशी दोरा घट्ट होता तिथं रंग पोचलाच नव्हता, त्यामुळं खिशांना आणि गळ्याला आपोआप पांढरी किनार धरली होती. तेलाचा डाग कुठं होता ते शोधूनही सापडेना.

"आक्का," रामहरी हलक्या आवाजात म्हणाला, "असला आनखी एक हुईल?"

"असला न्हाय हुनार," रतन म्हणाली. त्या दिवसातलं तिचं हे पहिलं बोलणं. "दुसरा हुईल. येकावानी येक न्हाय निघनार."

तिथून ते सुरू झालं. रामहरी बारामतीहून शिवलेले पांढरे कोट आणायचा, रतन रंगवून द्यायची. कापड आधी रंगवून मग शिवायचं ही सगळ्या जगाची रीत; तिनं ती उलटी केली. शिवून झाल्यावर रंगवायचं आणि गुंड्या शेवटी लावायच्या. दिवस गेले तशी तिला एकेक गोष्ट सुचत गेली. सुतळी सैल ठेवली की रेघ मऊ येते. कोट मुसळावर नेण्याआधी खिशात ज्वारीचे दाणे बांधले की खिशावर चांदण्या उमटतात. आधी बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवून मग मुसळावर चढवला की पांढऱ्या रेघांच्या जागी मातकट रेघा निघतात, पावसानंतरच्या नांगरटीसारख्या. सुताराकडून तिनं निराळी मुसळं करून घेतली, बारीक, जाड, एक तर पिळाची. म्हातारा सुतळी वळून देई आणि कुरकुरे, "बाप्यांच्या कोटावर कसली ही नक्षी! आमच्या येळंला नक्षी डोक्यावर असायची." पण तोही प्रत्येक कोट सोडताना पुढं सरकून बघायचा.

रतनचा राग गेला नव्हता, पण त्याला आता काम मिळालं होतं. रात्री अंथरुणावर पडली की तिला वाटे, बारामतीच्या पेठेत लोक विचारत असतील, हे कुणाचं काम? आणि रामहरी सांगत असेल, माझ्या आक्काचं. इंदापूरच्या दत्तोबा रंगाऱ्याच्या लेकीचं. सुप्याचं कुणीतरी ते ऐकत असेल. एवढ्या विचारानं तिला गाढ झोप लागे.

पुढच्या हिवाळ्यात नीळ संपत आली आणि रामहरीचा पत्ता लागेना. दोनदा निरोप धाडला. "त्याला येळ न्हाय, मीच जाऊन आनते," असं बापाला सांगून रतन यष्टीत बसली. याआधी तिनं बारामतीला येते म्हटलं की रामहरी काहीतरी काढायचा. गर्दी हाय, तुला झेपायचं न्हाय, म्या येतोच की. तिलाही ते खरं वाटायचं.

बाजाराचा दिवस होता. बैलगाड्यांच्या, वांग्या-टोमॅटोच्या पाट्यांच्या गर्दीतून वाट काढत ती पेठेत पोचली आणि दुकानासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण दाराला टांगलेले कोट कुणाचे ते ओळखायला अक्षर लागत नव्हतं. पिळाच्या मुसळावरचा, चांदण्यांच्या खिशाचा, नांगरटीचा. ऊर भरून आला तिचा. फळीपाशी एक तरणा गडी कोट अंगाला लावून बघत होता.

"तुमच्या लोणी भापकरात असला कुनाकडं न्हाय बघा," रामहरी त्याला सांगत होता. "मुंबईचा माल हाय. थेट मुंबईवरनं येतो. पाटीवर काय लिवलंय? मुंबई फॅशन. हितं कुनाला जमतंय व्हय असलं?"

रतन जागच्या जागी थबकली. तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग आतून कुणीतरी हसलं. तो हसण्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता.

ती पायरी चढून आत गेली. शिवणयंत्रामागं खुर्चीवर सोपान बसला होता. पोट सुटलेलं, केसांना तेल चोपडलेलं, हातात चहाची बशी. आणि अंगात तिचा कोट. तो कोट तिला चांगला आठवत होता. बारीक मुसळावरचा, दोन दिवस त्याच्यावर घालवले होते, आणि रामहरीनं नेताना सांगितलं होतं, 'ह्यो इकायचा न्हाय, एका मोठ्या मानसाला द्यायचाय.'

रामहरीनं तिला बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "आक्का! तू कशापायी..."

"कुठला माल हाय म्हनलास?"

"आत चल, आत चल. लोकं बघत्यात."

"बघू देत." ती त्या लोणीच्या गड्याकडं वळली आणि दोन्ही हात त्याच्या पुढं धरले. कोपरापर्यंत निळे, नखं काळी-निळी, बोटांच्या पेरांना सुतळीचे घट्टे. "ही मुंबई बघून घे, दादा. इंदापूरच्या रंगारी आळीत हाय. ह्यो तुझ्या हातातला कोट म्या रंगवलाय. ह्यो, ह्यो, आन त्यो भाईर टांगलेला बी."

गडी गांगरला. त्यानं हातातल्या कोटाकडं बघितलं, तिच्या हातांकडं बघितलं आणि कोट हळूच फळीवर ठेवला. "मग बघतो म्होरच्या बाजाराला," म्हणत खाली उतरला. पायरीपाशी जमलेल्यांतलं कुणीतरी म्हणालं, "नवऱ्यानं टाकलेली दत्तोबाची पोरगी ती. तिच्या हातचं हाय व्हय हे?" आणि ते ऐकून दुसऱ्या एकानं बाहेर टांगलेल्या कोटावरचा हात काढून घेतला.

"बघितलंस?" रामहरी दात आवळून म्हणाला. "ह्येच्यापायी मुंबईचं नाव घ्यावं लागतंय. तुझं नाव सांगितलं आसतं तर एक तरी खपला आसता का? समजून घे जरा."

जे घडलं ते रतननं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण त्यानं राग कमी झाला नाही. उलट तळापासून ढवळून वर आला. आणि तेवढ्यात सोपान बशी खाली ठेवून उठला. इतक्या वर्षांनी तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला, आणि बोलला तो असा, जणू काल संध्याकाळीच निरोप घेतला होता.

"झालं ते झालं. आत येऊन बोल. आमी येनारच व्हतो इंदापूरला. रामहरीचं आन माझं ठरलंय. तुला परत न्यायचं."

"कुनाला न्यायचं?"

"तुला. नांदायला."

रतननं भावाकडं बघितलं. भाऊ टेपशी चाळा करत होता. "दाजींचं आता सुप्यात मोठं दुकान हाय, आक्का. कापड त्येच देत्यात मला. तुझं बी घर हुईल परत. आपल्या आबांचा जीव तुझ्यात अडकलाय, तेवढा तरी सुटंल."

नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं. उखाण्यात घ्यायचं, तेही लाजत, चार बायकांत. रतननं भर पेठेत, भर बाजाराच्या दिवशी, गळ्याच्या शिरा ताणून नाव घेतलं.

"सोपान! कोट काढ!"

रस्त्यावरची माणसं थांबली. सोपानचं तोंड उघडंच राहिलं.

"कोट काढ म्हनते ना! भाकरी खाल्ली न्हाईस माझ्या हातची, आन कोट घालतोस?"

रामहरीनं तिचा दंड धरला आणि अक्षरशः ओढत मागच्या दारानं तिला बाहेर काढलं. ती धडपडली, सावरली, आणि निळीचं नावही न काढता पायीच यष्टीच्या तळावर गेली. वाटेत तिला रडू आलं नाही. इंदापूर येईस्तोवर ती खिडकीचा गज धरून बसली होती, आणि उतरली तेव्हा हातावर गजाचा वळ उठला होता.

दत्तोबाला तिनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, बराच वेळ सुतळी वळली आणि शेवटी म्हणाला, "न्ह्यायला येत असतील तर जावं, रतन. मी पिकलं पान. माझ्यामागं तुला कोन हाय?"

ते तिला पेठेतल्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

चार-सहा दिवसांत ते आले. सोपान, रामहरी, आणि समाजातले वडीलधारे म्हणून आप्पा, ज्यांच्या शब्दाला रंगारी आळीत मान होता. सोबत लुगडं, खण, नारळ. अंगणात घोंगडी अंथरली. दत्तोबा फेटा बांधून सामोरा गेला, "या जावईबापू," म्हणाला. शेजारच्या बायका कुंपणाला येऊन उभ्या राहिल्या. रतन निळीच्या रांजणापाशी काठीनं नीळ ढवळत होती. ती उठली नाही.

"पोरी," आप्पा म्हणाले, "मागचं उकरून काढायचं न्हाय. नवरा सवताहून दारात आलाय. आता तू बी दोन पावलं म्होरं ये."

"मला एकच इचारायचंय," रतन ढवळता ढवळता म्हणाली. "मी तिथं जाऊन काय करायचं?"

सोपानला तो होकारच वाटला. तो मोकळा झाला. "ह्ये रांजण समदं गाडीत घालून नेऊ. मागल्या परसात तुला शेड बांधून देतो. कोट तू रंगवायचं, रामहरीनं शिवायचं, मी इकायचं. घरचं म्हनशील तर काय बी काळजी न्हाय. स्वैपाकाला ती हाय."

"म्हंजी भाकरी ती करनार."

"व्हय. तुला कशाला तरास?"

"आन मी केली तर?"

सोपान हसला. समजूतदारपणानं हसला, लहान पोराला सांगावं तसा. "तुझं हात रंगाचं, रतन. ज्याचं काम त्यानं करावं."

ढवळायची काठी थांबली. रतन उभी राहिली, पदर खोचला. तिचा आवाज इतका शांत होता की दत्तोबा मान वर करून बघू लागला; लेकीचा हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

"हिकडं या. न्हेनार आसाल तर रांजण बघून घ्या. ह्येच्यात काकवी घालत्यात, वास बघा. उद्या मी आजारी पडली तर तुमाला ठावं पायजे."

सोपान धोतर सावरत आला. रांजणावर ओणवा झाला. वरच्या तांबूस फेसाकडं बघून नाक मुरडलं. त्याच क्षणी रतननं त्याची दोन्ही मनगटं धरली. लहानपणापासून ओले फेटे पिळलेले हात होते ते. तिनं त्याचे हात कोपरापर्यंत रांजणात दाबले आणि धरून ठेवले. सोपान ओरडला, पाय झाडले, बुशकोटाच्या अर्ध्या बाह्यांवर फेस उडाला. रामहरी धावला, पण तिच्या नजरेला नजर भिडताच दोन पावलांवर थांबला.

"रतन! सोड!" दत्तोबा किंचाळला.

तिनं सोडलं ते तिला वाटलं तेव्हा. सोपाननं हात बाहेर काढले. पिवळट-हिरवे, फेसानं माखलेले. तो ते झटकत, धोतराला पुसत अंगणाच्या मधोमध आला, आणि सगळ्यांच्या देखत त्याचे हात निळे होत गेले. आधी बोटं, मग तळवे, मग मनगटं. कुंपणापाशी एक बाई फिसकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या.

"आता जेव," रतन म्हणाली. "सवताच्या हातानं जेव. सकाळी जेव, सांजच्याला जेव. घास तोंडात घालशील तवा बघ त्या हाताकडं. आन बायकू ताट घेऊन आली तर म्हन तिला, नीळ मारतीया!"

सोपाननं हात उगारला. हात वर गेला खरा, पण तो निळा हात स्वतःच्याच डोळ्यांसमोर आला तसा त्यानं खाली घेतला आणि तो झपाझप आळीतून निघून गेला. आप्पा उठले, घोंगडी झटकली. "ह्या पोरीच्या पाठीशी आता समाज उभा ऱ्हायचा न्हाय, दत्तोबा," एवढं म्हणाले आणि तेही गेले. लुगडं, खण, नारळ सगळं तसंच पडून राहिलं. रामहरी शेवटपर्यंत उभा होता. जाताना म्हणाला, "पोटावर पाय दिलास माझ्या." आणि ती म्हणाली, "तुझं पोट माझ्या हातावर उभं व्हतं. हात कुनाचं ते सांगायला तुझी जीभ झडत व्हती का?"

त्यानंतरचे दिवस काही सुखाचे गेले नाहीत. दत्तोबा लेकीशी बोलेनासा झाला. ताट वाढलं की जेवायचा, रांजणाकडं पाठ करून बसायचा. हळदीकुंकवाला बोलावणं येईना. बारामतीहून कोट यायचे बंद झाले. रतनला वाटत होतं, आपल्यावाचून रामहरीचं दुकान बसेल. तसं झालं नाही. तिकडून आलेल्या एकानं सांगितलं, मुंबईच्या गिरणीतून आता तसल्याच तिरक्या रेघांचं छापील कापड निघालंय, सगळे कोट एकासारखे एक, आणि रामहरी तेच शिवून विकतो. पाटी खरी झाली होती. ते ऐकून रतननं रांजणाचं झाकण असं आदळलं की त्याचे दोन तुकडे झाले.

राग होता, हात होते, रांजण आंबून तयार होतं, आणि रंगवायला काहीच नव्हतं.

शेळगावची फुलाबाई दर बाजाराला पेरू आणि वांगी घेऊन इंदापूरला यायची. त्या दिवशी कुंपणापाशी हसलेल्या बायकांत तीही होती, कारण भाजी उरली की ती आळीत फिरून खपवत असे. एक दिवस ती पाटी उतरवून अंगणात टेकली आणि पाटीतून नवऱ्याचा सदरा काढला. पाटाच्या पाण्यावर उन्हातान्हात राबून खांद्यावर विटलेला, कॉलर झिजलेली, पाठीवर केळीच्या चिकाचे काळे डाग.

"ह्यो बघ. टाकवत न्हाय आन घालवत न्हाय. चिकाचा डाग काय करून निघंना. तुझ्या त्या मुसळावर घालून बघ की."

"टाकलेल्या बाईच्या हातचा चालंल का मालकाला?" रतननं कडवटपणानं विचारलं.

"मालकाला?" फुलाबाई म्हणाली. "मालकाला निस्तं कळलं की नवऱ्याचं हात बुडीवनारी ती हीच, तर म्हनला, मग लवकर न्हे सदरा."

रतनला हसू आलं आणि आलं तसं तिनं ते गिळलं. पण सदरा घेतला. चिकाचे डाग काळसर होते. ते झाकायचे नाहीत असं तिनं ठरवलं. बाभळीच्या सालीत लोखंडाचं गंजलेलं पाणी घालून त्याच काळ्या रंगाच्या आणखी रेघा मुसळावर काढल्या, म्हणजे डाग त्या रेघांत मिसळून गेले. विटलेल्या खांद्यावर निळा उतरवला. पुढच्या बाजाराला फुलाबाईचा नवरा गेणबा तो सदरा घालूनच आला. काळासावळा, आडमाप माणूस, बाजारातून छाती काढून चालत होता.

मग शेळगावची माणसं येऊ लागली. नवा कोट कुणी आणला नाही, जुने आणले. फाटलेले, विटलेले, घामानं पिवळे पडलेले, कुणाचा पोराच्या लग्नातला, कुणाचा मेलेल्या भावाचा. गिरणीच्या छापील कापडाला हे जमण्यासारखं नव्हतं, कारण गिरणीला जुना सदरा नकोच होता. रतन बाजारात चिंचेखाली रांजण घेऊन बसू लागली. समाजातल्या कुणी तिथं बसायला मनाई केली नाही, पण कुणी जागाही करून दिली नाही. तिनं ती रेटून घेतली. शेजारच्या पानवाल्याशी भांडली, नाल्याच्या पाण्यावरून चावडीत जाऊन भांडली. गिऱ्हाइकाशी ती गोड बोलत नसे. "असाच कर, तसाच कर" असं कुणी सांगू लागलं की म्हणे, "मग तूच कर." तरी माणसं येत राहिली.

दत्तोबा कितीतरी दिवस घरात पाठ फिरवून बसला. एका बाजाराला मात्र तो काठी टेकत चिंचेखाली आला, बोचकं उघडलं आणि त्यातून सुतळीचे गुंडे काढून लेकीपुढं ठेवले. "तुझी सुतळी लई पातळ हाय," एवढंच म्हणाला, आणि सदरे सोडायला बसला. रतनचा बापावरचा राग अजून ओसरला नव्हता, पण तिनं सरकून त्याला सावलीत जागा दिली.

भाऊबीजेला रामहरी आला. वाळला होता. हातात साडीचा पुडा. छापील कापड आता पेठेत सगळ्यांकडंच मिळू लागलं होतं, आणि सोपाननं त्याला उधारीवर कापड द्यायचं बंद केलं होतं. सोपानच्या बोटांची निळाई काही निघेना तेव्हा तो महिनाभर दुकानात बसला नव्हता, असंही रामहरीनं सांगितलं. सांगताना त्याला हसू फुटेल असं वाटलं, पण फुटलं नाही.

रतननं पाट मांडला नाही. निरांजन लावलं नाही.

"ववाळत न्हाईस का, आक्का?"

"येक सांग," ती म्हणाली. "उद्या तुझ्या दुकानात कोट दिला, तर कुनाचा म्हनून सांगशील?"

रामहरीनं मान खाली घातली. त्याला खोटं बोलता आलं असतं, आणि तो बोलला नाही, एवढं त्याचं खरं. "लोक काय म्हनतील त्येचा इचार करावा लागतो, आक्का. मला थोडा येळ दे."

"घे. पायजे तेवढा घे."

तिनं त्याला पोटभर जेवायला घातलं, पण पुडा परत त्याच्या हातात दिला. संध्याकाळच्या यष्टीला तो निघाला तेव्हा दत्तोबा वेशीपर्यंत गेला. रतन गेली नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि शेळगावच्या एका म्हाताऱ्याचा सदरा अजून बांधायचा होता. त्याला कोपरावर ठिगळ होतं आणि ठिगळाचं कापड निराळं होतं. ती मुसळ मांडीवर घेऊन बसली आणि वेढे आवळू लागली, इतक्या जोरानं, की कुंपणापलीकडून एक बाई दुसरीला म्हणाली, "आज तिकडं जाऊ नगा."